छेदातली गोम : हॅरी लाफलिनची साक्ष आणि अमेरिकेचा १९२४ चा कोटा कायदा

२१ नोव्हेंबर १९२२ ला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या स्थलांतर व नागरिकत्व समितीपुढे हॅरी हॅमिल्टन लाफलिन यांची साक्ष झाली. सोबत तक्ते, आलेख आणि न्यूयॉर्क बंदरातल्या तपासणी ठाण्यावर, म्हणजे एलिस बेटावर, उतरलेल्या स्थलांतरितांचे फोटो होते. हे लोक म्हणजे भावी अमेरिकी जनतेच्या बीजाचे वाहक, असा त्या फोटोंचा मथळा. साक्षीचं सार थोडक्यात सांगता येतं: परिस्थितीमुळे जेवढी सूट द्यायची तेवढी देऊनही, अलीकडे येणाऱ्या स्थलांतरितांमध्ये जन्मजात सामाजिक अपात्रता जुन्या वंशांपेक्षा जास्त आढळते. दीड वर्षानं, २६ मे १९२४ ला, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी एका कायद्यावर सही केली आणि इटली, पोलंड, रशिया, ग्रीस इथून येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंद झाली.

हे प्रकरण सहसा असं सांगतात की खोटं विज्ञान आलं, त्यानं भोळ्या राजकारण्यांना भुलवलं आणि वाईट कायदा झाला. कागद तारखेवार लावले तर क्रम उलटा दिसतो. कायद्याचा आराखडा डोक्यात पक्का होता, विज्ञान त्या मापानं शिवून घेतलं गेलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातली चूक नंतरच्या पिढीनं शोधून काढलेली नाही. ती मतदानाच्या आधीच, छापील स्वरूपात, नावानिशी दाखवली गेली होती. तरी काही फरक पडला नाही. मला या प्रकरणात रस आहे तो एवढ्याचसाठी.

माणूस आणि कचेरी

सुप्रजननशास्त्र, म्हणजे युजेनिक्स, निवडक पैदाशीनं मानववंश सुधारण्याचा विचार. हा शब्द फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात रूढ केला. पण त्याला सरकारी शिक्का, पैसा आणि कचेरी मिळाली ती अमेरिकेत. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कोल्ड स्प्रिंग हार्बर नावाचं गाव आहे. तिथं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स डॅव्हनपोर्ट यांनी १९१० मध्ये 'युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस' उघडलं. सुरुवातीचा मोठा पैसा रेल्वेसम्राट हॅरिमन यांच्या विधवा पत्नी मेरी हॅरिमन यांचा. पुढे कारभार कार्नेगी संस्थेकडे गेला.

लाफलिन या कचेरीचे व्यवस्थापक. मूळचे शेतकी शिकवणारे मास्तर. मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावात शिकवत असताना कोंबड्यांच्या पैदाशीबद्दल डॅव्हनपोर्टशी पत्रव्यवहार झाला आणि त्यातून ही नोकरी मिळाली. कोंबडीच्या तुऱ्याचा आकार मेंडेलच्या नियमानं पुढच्या पिढीत जातो, मग दारिद्र्य, दारू आणि भटकेपणा का जाणार नाही, इतकी सरळ त्यांची विचारसरणी. डॅव्हनपोर्ट तर याहून पुढचे. नौदलाच्या अधिकाऱ्यांची घराणी तपासून त्यांनी असं मांडलं की समुद्राची ओढ हा आनुवंशिक गुण आहे आणि तो पुरुषांतच उतरतो. बायकांना जहाजावर घेतच नव्हते, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

या कचेरीनं 'सामाजिकदृष्ट्या अपात्र' माणसांचे दहा वर्ग पाडले होते. मतिमंद, वेडे, गुन्हेगार, अपस्माराचे रोगी, दारुडे, क्षयासारख्या रोगांचे रुग्ण, आंधळे, बहिरे, व्यंग असलेले आणि परावलंबी. शेवटच्या वर्गात भिकारी, बेघर आणि भटके होतेच, शिवाय अनाथ मुलंही होती. आईबाप मरणं हा रक्तातला दोष कसा, असं कुणी विचारल्याचं दिसत नाही. लाफलिन यांना स्वतःला अपस्मार होता. त्यांच्याच यादीप्रमाणे ते चौथ्या वर्गात बसत होते.

गिऱ्हाईक

समितीचे अध्यक्ष अल्बर्ट जॉन्सन वॉशिंग्टन राज्यातले वर्तमानपत्रवाले. स्थलांतर थोपवणं हेच त्यांचं राजकारण. १९१९ मध्ये ते समितीच्या खुर्चीत बसले आणि १९३१ पर्यंत राहिले. त्यांच्या आधीच बरंच काही होऊन गेलं होतं. बॉस्टनमध्ये हार्वर्डच्या काही पदवीधरांनी १८९४ मध्ये स्थलांतर निर्बंध संघ काढला होता. १९१७ च्या कायद्यानं साक्षरतेची अट घातली आणि आशियाचा मोठा पट्टा, त्यात हिंदुस्थानही, सरळ 'प्रतिबंधित क्षेत्र' ठरवला. १९२१ मध्ये तात्पुरता कोटा आला: १९१० च्या जनगणनेत ज्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या ३ टक्के लोकांना दर वर्षी प्रवेश. आता हे कायमचं करायचं होतं आणि आणखी आवळायचं होतं.

अडचण एवढीच होती की 'आम्हाला इटालियन आणि ज्यू नकोत' हे सभागृहात उघड म्हणणं तेव्हाही जरा जड जात होतं. आयरिश, ज्यू, इटालियन मतदार मोठ्या शहरांत होते. त्यामुळे कुणाच्या धर्माला हात न लावता, आकड्यांच्या भाषेत तेच सांगणारा माणूस पाहिजे होता. लाफलिन १९२० च्या एप्रिलमध्ये समितीपुढे येऊन गेले होते. स्थलांतराकडे मजुरांचा पुरवठा म्हणून पाहू नका, भावी पिढीचं बियाणं म्हणून पाहा, असा त्यांचा तेव्हाचा मुद्दा. वेड्यांच्या इस्पितळांत परदेशी माणसं किती आणि त्यांच्यावर राज्यांचा खर्च किती, हा हिशेबही त्यांनी मांडला. जॉन्सन यांना माणूस पसंत पडला. त्यांनी लाफलिन यांना समितीचे 'तज्ज्ञ सुप्रजनन प्रतिनिधी' नेमलं. आता प्रश्नावली कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या नव्हे, तर अमेरिकी काँग्रेसच्या समितीच्या नावानं जाणार होती, आणि अशा कागदाला तुरुंगाचा किंवा इस्पितळाचा अधिकारी सहसा नाही म्हणत नाही.

थोडक्यात, ज्याला कायदा करायचा होता त्यानंच तज्ज्ञ नेमला, आणि तज्ज्ञानं शोधून काय काढायचं हे दोघांनाही ठाऊक होतं. आधी कळस, मग पाया.

तक्ता कसा बनला

लाफलिन यांच्या अहवालाचा गाभा ४४५ संस्थांमधून आलेली माहिती. या सगळ्या संस्था राज्य किंवा केंद्र सरकारच्या: वेड्यांची इस्पितळं, तुरुंग, मतिमंदांच्या शाळा, अनाथालयं वगैरे. प्रत्येक संस्थेतल्या माणसांचा जन्मदेश विचारला. मग प्रत्येक देशाचा 'कोटा' काढला. १९१० च्या जनगणनेत एखाद्या देशात जन्मलेले लोक अमेरिकेच्या लोकसंख्येच्या १ टक्का असतील, तर संस्थांमधल्या माणसांतही ते १ टक्काच असायला हवेत. तितकेच सापडले तर कोटा शंभर टक्के भरला. दीडपट सापडले तर १५० टक्के. शंभराच्या वर गेला तो देश बिघडलेला, खाली राहिला तो निरोगी. तक्ता वाचायला सोपा, समितीच्या सदस्याला एका नजरेत कळणारा.

अंश पाहायला सगळे धावले. गोम छेदात होती.

पहिली गोम वर्षांची. संस्थांमधली माणसं मोजली ती १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, पण त्यांना भागलं १९१० च्या लोकसंख्येनं. त्या मधल्या काळात, विशेषतः महायुद्धाआधीच्या चार-पाच वर्षांत, इटली, पोलंड, रशिया इथून लाखो लोक आले होते. ते अंशात धरले गेले, छेदात नाहीत. जो गट झपाट्यानं वाढतोय त्याचं प्रमाण अशा हिशेबात आपोआप फुगतं.

दुसरी गोम वयाची, आणि ती समजायला एक छोटा हिशेब पुरतो. समजा एका परदेशी गटातले हजार लोक घेतले आणि इथंच जन्मलेले हजार घेतले. वेडाचं प्रमाण दोन्हीकडे हुबेहूब सारखं धरू: शंभर प्रौढांमागे एक, मुलांत शून्य. समुद्र ओलांडून कामाला येणारे बहुतेक तरणेताठे, म्हणून पहिल्या हजारात प्रौढ ९०० धरू. इथल्या हजारात पोरंबाळं खूप, प्रौढ ५५०. पहिल्या गटातून इस्पितळात जाणार नऊ, दुसऱ्यातून सरासरी साडेपाच. रक्तात काडीचाही फरक नसताना पहिला गट दीडपटीहून जास्त 'वेडा' ठरला. गुन्ह्यांचंही तसंच. तुरुंगात प्रामुख्यानं तरुण पुरुष जातात आणि नव्या स्थलांतरितांत तरुण पुरुषांचाच भरणा होता. त्यांना अमेरिकेत झालेली मुलं मात्र परदेशात जन्मलेल्यांच्या रकान्यात येत नाहीत, त्यामुळे छेदाला तीही आधार देत नाहीत.

तिसरी गोम संस्थांची. सरकारी इस्पितळं मोजली, खाजगी वगळली. ज्याच्या घरात पैसा आहे त्याचा वेडा भाऊ खाजगी शुश्रूषागृहात किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहतो. ज्याचे नातेवाईक समुद्रापार आहेत तो सरकारी इस्पितळात. शिवाय अशा संस्था जिथं भरपूर होत्या ती ईशान्येकडची औद्योगिक राज्यं, आणि स्थलांतरितही तिथंच जास्त.

एवढं करूनही तक्ता पुरता ताब्यात आला नाही, ही यातली मोठी गंमत. मतिमंदत्वाच्या रकान्यात परदेशी लोक अपेक्षेपेक्षा बरेच खाली होते आणि इथं जन्मलेले गोरे अमेरिकी वर. कारण उघड आहे: मतिमंदत्व लहानपणीच कळतं आणि तशा मुलाला एलिस बेटावरूनच परत पाठवत. अमेरिकेत मतिमंद माणसांच्या प्रजननाची सर्वांत जास्त भीती याच कचेरीनं पसरवलेली, आणि तिच्याच आकड्यांत स्थलांतरित त्या बाबतीत उजवे निघत होते. लाफलिन यांनी सगळे वर्ग एकत्र करून निष्कर्ष काढला आणि हा रकाना त्यात विरघळून गेला.

बुद्धिमापनाचा दुसरा पाय

याच काळात दुसरीकडून बुद्धिमापन चाचण्यांचे आकडे येत होते, तेही ओझरते पाहू. न्यू जर्सीत व्हाइनलंडच्या मतिमंदांच्या शाळेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडार्ड यांनी एलिस बेटावर चाचण्या घेऊन १९१७ मध्ये छापलं की ज्यूंमध्ये ८३ टक्के, हंगेरियनांत ८० टक्के, इटालियनांत ७९ टक्के मतिमंद. तपासलेले लोक किती? ज्यू ३५, हंगेरियन २२, इटालियन ५०. जहाजाच्या तळातून कित्येक दिवसांनी वर आलेला, शाळा न पाहिलेला माणूस, समोर दुभाषा आणि हातात पेन्सिल. प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगहॅम यांनी सैन्यातल्या चाचण्या वापरल्या. त्यांत जो स्थलांतरित अमेरिकेत जास्त वर्षं राहिला त्याचे गुण जास्त, असं स्पष्ट दिसत होतं. साधा अर्थ असा की चाचणी भाषा आणि परिचय मोजतेय. ब्रिगहॅम यांनी लावलेला अर्थ: पूर्वी चांगल्या वंशाचे लोक येत होते, आता हलक्या वंशाचे येतात. १९३० मध्ये त्यांनी हा निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतला. तोवर कायद्याला सहा वर्षं झाली होती.

ज्यांनी बोट ठेवलं

हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ, आनुवंशिकीत मोठं नाव, आणि सुप्रजनन चळवळीच्या विरोधकांपैकी मुळीच नव्हेत. त्यांनी लाफलिन यांचेच आकडे घेऊन पुन्हा मांडले आणि डिसेंबर १९२३ मध्ये एका नियतकालिकात लेख लिहिला. नव्या विधेयकात कोटा १९१० ऐवजी १८९० च्या जनगणनेवरून काढायचा बेत होता. जेनिंग्ज यांचा प्रश्न नेमका होता: समजा हे आकडे खरे धरले, तरी १९१० ऐवजी १८९० ची जनगणना घेण्याला त्यातून आधार मिळतो का? उत्तर: नाही. कारण लाफलिन यांच्या तक्त्यात अनेक बाबतींत सर्वांत वाईट ठरलेला देश होता आयर्लंड, आणि आयर्लंड तर 'चांगल्या' वायव्य युरोपात मोडत होता. १८९० ची जनगणना घेतली की आयरिशांचा वाटा वाढणार! म्हणजे लाफलिन यांचा पुरावा त्यांच्याच समितीच्या विधेयकाविरुद्ध साक्ष देत होता.

जानेवारी १९२४ मध्ये जेनिंग्ज यांना समितीपुढे बोलावलं गेलं, पण वाट्याला मोजकी मिनिटं आली. लाफलिन यांना मिळालेला वेळ, तक्ते, छापील अहवाल यांच्यापुढे हा नुसता उपचार होता. जेनिंग्ज पुढे सुप्रजनन संघटनेतून बाहेर पडले. संख्याशास्त्राच्या अंगानं जोसेफ गिलमन यांनी वय, लिंग आणि जनगणनेच्या वर्षाचा घोळ समाजशास्त्राच्या प्रमुख अमेरिकी नियतकालिकात उलगडून दाखवला, तो १९२४ च्या जुलैत. तोवर सही होऊन गेली होती. सभागृहात ब्रुकलिनचा एक नवखा सदस्य, इमॅन्युएल सेलर, लाफलिन यांच्या अहवालावर तुटून पडला. समितीत शिकागोचे ॲडॉल्फ सबाथ आणि न्यूयॉर्कचे सॅम्युएल डिकस्टीन या ज्यू सदस्यांनी विरोध नोंदवला. त्यांचा विरोध 'त्यांच्या लोकांसाठीचा' म्हणून बाजूला काढणं सोपं गेलं. लाफलिन मात्र कुणाच्याच लोकांसाठी बोलत नव्हते. ते म्हणे विज्ञानासाठी बोलत होते.

डोकी मोजणारे आणखी काही

पुराव्याची दुसरी वाटही उपलब्ध होती, हे इथं सांगायला हवं. १९०७ ते १९११ या काळात सिनेटर डिलिंगहॅम यांच्या आयोगानं स्थलांतरावर ४१ खंड काढले. त्यातलं एक काम कोलंबिया विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांचं. त्यांनी न्यूयॉर्कमधल्या सुमारे १८,००० स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची शरीरमापं घेतली. डोक्याचा आकार ही वंशाची न बदलणारी खूण, असं तेव्हा पक्कं मानलं जाई. बोआस यांना आढळलं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांत तो बदलतो. आयोगानं हा खंड छापला आणि तरीही निर्बंधांचीच शिफारस केली.

मराठी वाचकाला या जागी थोडं थांबावंसं वाटेल. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर याच कोलंबियात होते. मे १९१६ मध्ये त्यांनी जातींच्या उगमावरचा आपला निबंध वाचला तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, आणि गोल्डनवायझर हे बोआस यांचे शिष्य. वीस वर्षांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, जातिव्यवस्था म्हणजे रक्तशुद्धीची शास्त्रीय सोय आहे हा दावा त्यांनी सरळ मोडीत काढला. जात जर सुप्रजननासाठी असेल तर तिनं कसली प्रजा निर्माण केली ते पाहा, असा त्यांचा सवाल होता. दुसरं नाव इरावती कर्वे यांचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या असममितीवर पीएच.डी. केली. असममितीचा वंशाशी संबंध दिसेल अशी गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंची मापं तसं काही सांगत नव्हती, आणि त्यांनी तसंच लिहिलं. तेव्हाही प्रामाणिकपणे मोजता येत होतं.

१८९० का?

आता कायदा. १९२४ च्या जॉन्सन-रीड कायद्यानं टक्का ३ वरून २ वर आणला आणि जनगणना १९१० वरून १८९० वर मागे नेली. दोन टक्के हा दिखाऊ बदल. खरा घाव १८९० चा, कारण इटालियन, पोलिश, रशियन ज्यू, ग्रीक यांची मोठी लाट आली ती त्यानंतर. इटलीचा कोटा वर्षाला ४२,०५७ होता, तो ३,८४५ झाला. ग्रीसला किमान मर्यादेइतके १००. जर्मनीला मात्र ५१,२२७ आणि ब्रिटनला ३४,००७.

१८९० घेणं फारच उघडं पडतंय असं काहींना वाटलं, म्हणून पेन्सिल्व्हेनियाचे सिनेटर रीड आणि न्यूयॉर्कचे वकील जॉन ट्रेव्हर यांनी 'राष्ट्रीय मूळ' पद्धत आणली. १९२० मधल्या सगळ्या अमेरिकी जनतेचे पूर्वज कुठल्या देशातून आले ते काढायचं आणि सुमारे दीड लाखाचा वार्षिक कोटा त्या प्रमाणात वाटायचा. ऐकायला किती न्याय्य! पण इथंही छेद पाहा. 'रहिवासी' या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येतून गुलामांचे वंशज, मूळ अमेरिकी आदिवासी आणि नागरिकत्वाला अपात्र आशियाई, सगळे वगळले होते. आफ्रिकेतून आणलेल्यांचे लाखो वारस जनतेत मोजलेच नाहीत. मग १७९० च्या जनगणनेतल्या आडनावांवरून कोण इंग्लिश, कोण आयरिश, कोण जर्मन याचे अंदाज बांधले गेले; आकडे पुन्हा पुन्हा बदलले, अंमलबजावणी दोनदा लांबणीवर पडली. अखेर १९२९ मध्ये यादी लागू झाली तेव्हा एकूण १,५३,७१४ जागांपैकी ६५,७२१ ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडला गेल्या होत्या.

आणि मेक्सिको? कोटाच नाही. रक्ताच्या शुद्धीचा मुद्दा खरंच मनापासूनचा असता तर तिथं सर्वांत कडक पहारा बसला असता. लाफलिन यांनी तसा आग्रह धरलाही. पण टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांना स्वस्त मजूर लागत होते. तिथं समितीनं आपल्या तज्ज्ञाचं ऐकलं नाही. विज्ञान कायद्याला ओढत नव्हतं, हे यापेक्षा वेगळं काय सिद्ध करायचं? कामगार संघटनांना मजुरी पडण्याची धास्ती होती, १९२०-२१ च्या मंदीचा मार ताजा होता, रशियन क्रांतीनंतर प्रत्येक पूर्व युरोपीय माणूस बोल्शेविक वाटत होता, आणि ज्यू-कॅथलिकांचा जुना द्वेष होताच. लाफलिन नसते तरी कुठलातरी निर्बंध आला असता. पण त्यांनी एक गोष्ट दिली जी द्वेषाला स्वतःहून मिळत नाही: पुढच्या पिढ्यांच्या कल्याणाची भाषा. तिच्या जोरावर माणूस शांत चेहऱ्यानं 'नको' म्हणू शकतो. ज्या कूलिज यांनी कायद्यावर सही केली त्यांनीच १९२१ मध्ये गृहिणींच्या एका मासिकात जीवशास्त्राच्या नियमांचा हवाला देऊन भिन्न वंश मिसळत नाहीत असं लिहिलं होतं.

हिंदुस्थानचे शंभर

या कायद्यानं हिंदुस्थानलाही किमान कोटा दिला: वर्षाला १००. फक्त तो हिंदी माणसाला वापरता येत नव्हता. नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांना प्रवेश बंद होता, आणि हिंदी लोक अपात्र. कोटा उपयोगी पडला असता तर मुंबईत किंवा पुण्यात जन्मलेल्या एखाद्या गोऱ्या साहेबाला.

अपात्र कसे ठरले, तेही पाहण्यासारखं आहे. लाफलिन यांच्या साक्षीच्या आठच दिवस आधी, १३ नोव्हेंबर १९२२ ला, सर्वोच्च न्यायालयानं ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला नागरिकत्व नाकारलं. कारण काय, तर 'गोरा' म्हणजे कॉकेशियन आणि जपानी कॉकेशियन नाहीत. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या वकिलांनी म्हटलं, ठीक, उत्तर हिंदुस्थानी माणूस तर मानवशास्त्राप्रमाणे कॉकेशियन आहे. त्याच न्यायालयानं उत्तर दिलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस 'गोरा' म्हणून कुणाला ओळखतो ते महत्त्वाचं. नोव्हेंबरात शास्त्र आत घेतलं आणि तीन महिन्यांत बाहेर काढलं. थिंड यांच्या बाजूनं लढलेले लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांचं स्वतःचं १९१४ चं नागरिकत्व काढून घ्यायला सरकार त्यानंतर पुढे सरसावलं. तो खटला पंडितांनी १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकला. पण वंशाच्या मुद्द्यावर नव्हे, तर इतक्या वर्षांपूर्वी अंतिम झालेला निकाल पुन्हा उकरता येणार नाही या मुद्द्यावर.

नंतर

१९३० च्या दशकात जर्मनीतून ज्यू पळू लागले तेव्हा कोट्याचं दार आणि 'सरकारवर बोजा होईल' हे कलम, दोन्ही त्यांच्या वाटेत उभं होतं. लाफलिन यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या व्यापारी मंडळासाठी अहवाल लिहिला: या निर्वासितांसाठी कोट्यात अपवाद करू नये. १९३६ मध्ये हायडलबर्ग विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली; नाझींच्या १९३३ च्या सक्तीच्या नसबंदी कायद्याला लाफलिन यांनी लिहिलेल्या नमुना नसबंदी कायद्याचा आधार होता. १९३९ मध्ये वीस हजार मुलांना कोट्याबाहेर घेण्याचं विधेयक मतदानापर्यंतही पोहोचलं नाही. त्याच उन्हाळ्यात ९३७ प्रवासी घेऊन आलेलं 'सेंट लुईस' जहाज त्यांतल्या बहुतेकांसह हवानाहून माघारी फिरलं. त्यांतले २५४ पुढे मारले गेले. याचं सगळं खापर एका माणसाच्या तक्त्यावर फोडणं बरोबर नाही. अपवाद न करण्याचा निर्णय १९३९ च्या सरकारनं आणि सभागृहानं जाणूनबुजून घेतला.

कार्नेगी संस्थेनं नेमलेल्या तज्ज्ञांनी १९३५ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरची दप्तरं तपासली आणि मानवी आनुवंशिकीच्या अभ्यासाला ती निरुपयोगी आहेत असा शेरा दिला. १९३९ च्या अखेरीस कचेरीला कुलूप लागलं. १९४३ मध्ये लाफलिन वारले. कायदा मात्र चालूच राहिला. १९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि ते शंभर खरोखर वापरण्याची मुभा मिळाली, ती लूस-सेलर कायद्यानं. हे सेलर म्हणजे १९२४ चा तोच नवखा सदस्य. १९६५ मध्ये राष्ट्रीय मूळ पद्धत मोडीत निघाली तेव्हाच्या कायद्यावरही त्यांचंच नाव आहे. मुंबई-पुण्याहून डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येनं अमेरिकेला जाऊ लागले ते त्यानंतर.

१९६५ च्या कायद्याचा हेतू वंशभेद काढण्याचा होता आणि पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला सारखी कमाल मर्यादा ही समतेची कल्पना होती. तिला सुप्रजननाची पैदास म्हणणं अन्यायाचं होईल. पण मोजण्याचं एकक १९२४ चंच राहिलं: तुमचं नागरिकत्व कुठलं ते नव्हे, तुम्ही जन्मलात कुठं ते. आज ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला पुण्याचा इंजिनिअर मध्ये कॅनडाचा नागरिक झाला तरी त्याची रांग हिंदुस्थानचीच राहते, कारण मोजतात तो जन्मदेश. आणि नोकरी व कुटुंबाच्या प्राधान्य गटांत एका देशाच्या वाट्याला सहसा सात टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत. पती किंवा पत्नी दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिच्या रांगेतून जाता येतं, आणि या मार्गाची चौकशी करणारे लोक बरेच असतात. ही सवलतही जॉन्सन-रीड कायद्याच्या बाराव्या कलमातून आलेली आहे. तिथं ती फक्त पत्नीला होती, नवऱ्याचा देश लावून.